सासऱ्यांची झोप

माझे सासरे रात्री झोपत नसत. ते झोपत नसत म्हणून आमच्या घरातल्या कुठल्याही बाईनं झोपायचं नाही, असा नियम होता. तो कुणी बोलून दाखवला नव्हता. मी लग्न होऊन त्या घरात आले त्या पहिल्याच रात्री तो माझा मलाच कळला.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईपासून पायी तासाभराच्या वाटेवर. राज्य निजामाचं. मला चौदावं लागलं होतं. हळदीचे, पाहुण्यांचे आणि बैलगाडीतल्या धक्क्यांचे चार दिवस अंगावर घेऊन मी माजघरात थोरल्या जावेच्या शेजारी आडवी झाले आणि धोंड्यासारखी झोपले. थोड्या वेळानं भिंतीवर काठी वाजली. तीनदा. तिसऱ्यांदा वाजायच्या आत जाऊ उठून बसली होती. डोळे मिटलेलेच. तिनं पदर सावरला, चुलीपाशी गेली, राखेतून निखारा उकरून खापरीवर घेतला आणि पुढच्या ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीवर, नेऊन दिला. सासऱ्यांना चिलीम भरायची होती. ती परत येऊन पडली आणि लगेच तिचा श्वास लांबला. मग पुन्हा काठी. पाणी पाहिजे होतं. पुन्हा काठी, तेव्हा सासूबाई उठल्या आणि पाय दाबायला गेल्या. नंतर गोठ्यात वासरू का ओरडतंय ते बघायला मला पाठवलं. वासरू ओरडत नव्हतं. ते मान अंगाखाली घेऊन गाढ झोपलं होतं. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिले.

उजाडल्यावर मी जावेला विचारलं की मामंजींना काही दुखणं आहे का. ती म्हणाली, "न्हाई. त्यांना रात्री झोप येत न्हाई." आपल्या विहिरीचं पाणी मचूळ आहे असं सांगावं, तशा आवाजात तिनं ते सांगितलं.

सासरे दुष्ट नव्हते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट मी कुणाला सांगायला लागले की लोक पहिल्यांदा विचारतात, मारायचे का, शिव्या द्यायचे का. नाही. अंगानं भरलेले, पांढऱ्या मिशांचे, बोलायला मऊ. आसपासच्या चार गावांतली माणसं त्यांच्याकडे सल्ल्याला येत. पंगतीत वाढणाऱ्या बाईला ते "बस्स माय" म्हणत. त्यांनी दुष्टपणानं आम्हाला उठवलं असतं तर मला त्यांचा एवढा राग आला नसता. निखारा घेऊन येणारी बाई त्याआधी झोपलेली असते, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. विस्तव चुलीतून येतो आणि पाणी रांजणातून, एवढंच त्यांना माहीत होतं.

आणि रात्री ज्याला झोप नाही असा हा माणूस दुपारी झोपत असे. भाकरी, वरण, वर तांब्याभर ताक. ते पोटात गेलं की ढाळजेतल्या बाजेवर पडायचं, ते पार उन्हं कलेपर्यंत. तेवढा वेळ घर मेल्यासारखं. पोरांना गावाबाहेर चिंचेखाली हाकलायचं. कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या. भांडं वाजवायचं नाही, उखळात मुसळ घालायचं नाही, जात्याला हात लावायचा नाही. घरात बारा माणसं आणि दोन गडी, म्हणजे दळण-कांडण तर रोजचंच. दिवसा आवाज नको, म्हणून ते सगळं पहाटेवर ढकललेलं. पहाट म्हणायची, पण आम्ही जात्याला बसायचो तेव्हा शुक्राची चांदणीसुद्धा उगवलेली नसे.

मग त्या आवाजानं त्यांची झोप मोडत नव्हती का? उलट जात्याच्या घरघरीवर त्यांचा डोळा लागे. आलेल्या गेलेल्याला ते हे कौतुकानं सांगत, "जातं सुरू झालं की मंग मला बराबर झोप लागती." म्हणजे आम्ही उठल्याशिवाय ते झोपणार नाहीत. हे ऐकून माणसं माना डोलवत आणि म्हणत, भाग्याचं घर आहे, सुना कामसू आहेत.

आता शहरात लोक जात्यावरच्या ओव्यांबद्दल फार हळवं बोलतात. मी जालन्याला राहायला आल्यापासून दोन-तीनदा कुणी ना कुणी वही घेऊन माझ्याकडे आलं आणि म्हणालं, आजी, ओव्या सांगा. मी सांगितल्या नाहीत. माझी जाऊ गायची आणि तिचा गळा चांगला होता, हे खरं आहे. पण ती गायची कारण गाणं थांबलं की तिची मान पडे, आणि मान पडली की खुंट्यावरची तिची पकड सुटून जात्याचा सगळा भार माझ्या मनगटावर येई. वहीत ते कुठे लिहिणार? आवाजातला गोडवा लिहून घेतील. तो गोडवा झोपेनं जड झालेल्या जिभेचा होता.

जाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. माहेर परतूरकडचं. उंच, काळीसावळी, हसली की डावीकडचा पडका दात दिसायचा आणि तो दिसू नये म्हणून ती हसताना ओठांवर पदर घ्यायची. तुकड्या-तुकड्यानं कसं झोपायचं ते मला तिनं शिकवलं. भाकरी तव्यावर टाकली की ती उलटायची होईपर्यंत डोळे मिटायचे, हात आपोआप उठतो. विहिरीवर आपली पाळी येईपर्यंत दगडाला टेकायचं. देवळात पोथी चालू असली की खांबाआड बसायचं, कारण डोळे मिटलेली बाई तिथे भाविक दिसते. पंधराव्या वर्षी मी हे सगळं शिकले होते. आईनं मला पुरणपोळी शिकवली, जावेनं झोप शिकवली.

नवऱ्याला मी एकदा बोलून बघितलं. ते राखणीला शेतातल्या माळ्यावर झोपत, क्वचितच घरी असत. सगळं ऐकून घेऊन म्हणाले की म्हातारं माणूस आहे, किती दिवस आता. आणि कूस बदलली. सासरे त्या वेळी पन्नाशीचे होते. ते पुढे वीस वर्षं जगले.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. माझा मुलगा रांगत होता. जावेच्या लेकीला गोवर आला आणि आठ दिवस जाऊ त्या पोरीला मांडीवर घेऊन बसली. काठी वाजली की पोरीला माझ्याकडे द्यायची, विस्तव नेऊन द्यायची, परत येऊन पोरीला घ्यायची, आणि मग तशीच जात्याला. नवव्या दिवशी पोरीचा ताप उतरला. त्या सकाळी जाऊ भाकरी करायला बसली. मी घागर घेऊन आत येत होते. ती पुढे वाकलेली दिसली. मला वाटलं चूल फुंकतेय. ती झोपली होती. तशीच पुढे गेली आणि उजवा हात आधी तव्यावर आणि तव्यावरून घसरून चुलीत गेला.

ती ओरडली नाही. हे मी आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. इतकी झोप होती तिला, की हात भाजायला लागल्यावर एक क्षणभर ती जागी झाली नाही. घागर टाकून मी तिला मागे ओढलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला कामाला उठवलं होतं. मग हाताकडे बघितलं. मग मात्र ओरडली.

कोरफडीचा गर लावला, तूप लावलं. तळव्याची कातडी निघून आली होती. सासूबाई पहिल्यांदा तिच्यावरच चिडल्या, चुलीपुढं कोणी झोपतं का म्हणून. सांजेला सासऱ्यांनी चौकशी केली. लई भाजलं का, म्हणाले. सासूबाईंनी सांगितलं की लई भाजलं. मी दाराआड परात घेऊन उभी होते. मला वाटलं आता जालन्याला न्यायचं म्हणतील, गाडी जुंपायला सांगतील.

ते म्हणाले, "मंग रात्री विस्तव कोन आनील?"

अगदी सरळपणे विचारलं त्यांनी. सासूबाई म्हणाल्या, धाकटी आणील. धाकटी म्हणजे मी. साठ वर्षं झाली त्या प्रश्नाला. तो आठवला की माझे कान अजून तापतात.

जावेचा हात बांधलेला, म्हणून मी एकटीच दळायला लागले. एकटीच्या हाताला जातं जड. अडखळत फिरे, मध्येच थांबे. तो आवाज सासऱ्यांना मानवला नाही. आठ-दहा दिवसांत त्यांचे डोळे लाल झाले आणि ते कामावरच्या गड्यांवर खेकसायला लागले. घर हादरलं. मालकांची झोप गेली. थोरल्या दिरांनी गाडी जुंपली आणि जाऊन-येऊन चार दिवस घालवून जालन्याहून एक जुने, नावाजलेले हकीम आणले.

भाजलेल्या हाताला जी गाडी जुंपली गेली नाही, ती जुंपली गेली.

हकीम बारीक, वयस्कर, पांढऱ्या दाढीचे. ढाळजेत सतरंजी टाकली होती. पाणी न्यायला जाऊ गेली. तिनं डाव्या हातानं तांब्या ठेवला, उजवा पदराखाली. हकिमांनी नजर खाली घेतली. दुसऱ्याच्या घरातल्या बाईकडे बघायचं नाही, ही त्यांची रीत. त्यांचा मला राग नाही, पण त्या रिवाजाचा आहे. नजर जराशी वर गेली असती तर पदराआडून डोकावणारी हाताची चिंधी त्यांना दिसली असती.

मी दाराआड उभी राहून एक-एक शब्द ऐकला. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली. जेवण कधी, तंबाखू किती, पोट साफ असतं का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "दिवसा झोपता का, पाटील?"

"थोडं पडतो," सासरे म्हणाले.

"थोडं म्हणजे कधीपास्नं कधीपर्यंत?"

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. हकिमांनी दिरांकडे बघितलं. दिरांनी सतरंजीकडे बघितलं. मी तोंडात पदर कोंबला, कारण मला तिथून ओरडून सांगावंसं वाटत होतं.

हकिमांना उत्तर कळलं असावं. ते म्हणाले, "रातची झोप तुम्ही दुपारीच खर्चून टाकता. मंग रातीला ती आणायची कुठून?"

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी लहान पोराला समजावं तसं. दुपारी बाजेवर आडवं व्हायचं नाही, डोळे फारच जड झाले तर बसल्या-बसल्या घटकाभर. जेवण दिवेलागणीच्या आत आणि हलकं. अंधार पडल्यावर चिलीम बिलकुल बंद, तंबाखूनं डोकं जागं राहतं. सांजेला नदीपर्यंत चालून यायचं. रात्री जाग आली तर ती सगळ्यांनाच येते, त्याला घाबरायचं नाही. पण तेव्हा दिवा लावायचा नाही, कोणाला हाक मारायची नाही, बोलायचं नाही. गप पडून राहायचं. उठून बसलं की झोप समजते की इथं आपलं काम नाही, आणि निघून जाते. झोपताना तळपायाला तिळाचं तेल. शेवटी त्यांनी सात पुड्या दिल्या आणि म्हणाले, अस्सल दवा परहेज, म्हणजे पथ्य आहे, पुडी फक्त सोबतीला.

मला लिहिता-वाचता येत नव्हतं त्या वेळी, ते पुढे मुलाच्या पुस्तकांवर शिकले. पण त्या दिवशीचं बोलणं माझ्या डोक्यात कोरल्यासारखं बसलं. मला पहिल्यांदा कळलं की या घराला कुणाची नजर लागलेली नाही, की देवीचा कोप नाही. एक माणूस दुपारी झोपतो, म्हणून आठ बायका-पोरं रात्री जागतात. एवढं साधं होतं ते.

हकीम जेवायला बसले तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, जाऊबाईंचा हात दाखवू या. त्या म्हणाल्या, "बायामान्साचा हात परक्याला दावायचा व्हय? ते मालकांसाठी आल्ते." हकीम जेवून गाडीत बसले आणि गेले. जावेचा हात चुलीपाशी पिठाची परात धरून होता.

सासऱ्यांनी काय केलं? पुड्या घेतल्या आणि परहेज टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजेवर पडले. म्हणाले, असली माणसं असंच काही-बाही सांगतात, दवा मात्र चांगली असते.

मी जावेला सगळं नदीवर धुणं धुताना सांगितलं. ती एका हातानं आपटत होती. ऐकून तिनं धुणं खाली ठेवलं आणि विचारलं की हे खरंच हकिमांच्या तोंडचं आहे की मी माझं घातलं. मी मुलाची शपथ घेतली. मग म्हणाली, "त्याला दुपारचं झोपू द्यायचं न्हाई मंग." सासऱ्यांना ती त्या दिवशी पहिल्यांदा 'त्याला' म्हणाली.

पहिला उपाय माझा आणि तो मूर्खपणाचा होता. मी भर दुपारी मिरच्या कांडायला बसले. सासरे खोकत उठले, सासूबाईंनी येऊन माझ्या हातातलं मुसळ हिसकावलं आणि दोन दिवस मला सगळ्यांच्या नंतर उरलंसुरलं जेवायला मिळालं. दुसऱ्यांदा कोंबड्या सोडून दिल्या. त्याचा बोल पोरांवर गेला, तेव्हा मी तो नाद सोडला.

जावेचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालायचं. तिला त्या माणसाचा मोठेपणा कुठे राहतो ते माहीत होतं. शेजारच्या आळीतल्या एका घरात बांधावरून भांडण चाललं होतं. त्या घरच्या बाईला जावेनं विहिरीवर सहज सांगितलं की आमच्या मामंजींचा सल्ला पाहिजे असेल तर सकाळी कामाची घाई असते, सांजेला माणूस थकतो, भाकरीनंतर या, त्या वेळी त्यांचं डोकं शांत असतं. दुसऱ्या दिवशी भाकरीनंतर त्या घरचे दोघे भाऊ ढाळजेत येऊन बसले. सासरे नुकतेच बाजेवर टेकत होते. घरी आलेल्या माणसाला परत जा म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं. फेटा बांधून बसले. उन्हं कलेपर्यंत बसले.

मग विहिरीवर हे पसरायला वेळ लागला नाही. आम्ही दोघी फक्त होय-होय म्हणायचो. कुणाच्या सोयरिकीचं, कुणाच्या बैलाच्या सौद्याचं, कुणाच्या वाटणीचं. राजूरच्या बाजूची माणसंसुद्धा यायला लागली. रोज भाकरीनंतर ढाळजेत कुणी ना कुणी असेच. नसलं तर जाऊ हळूच शेजारच्या म्हाताऱ्याला सांगून पाठवी की मामंजी आठवण काढत होते. सासऱ्यांना ते आवडलं. गावात वजन वाढलं असं त्यांना वाटलं. बोलून-बोलून त्यांना दिवे लागायच्या आतच भूक लागे. जेवले की मोडून आल्यासारखे पडत.

सहाव्या का सातव्या रात्री काठी वाजली नाही.

मी मात्र वेळेवर जागी झाले. जाऊही. अंधारात दोघी बसून राहिलो. मला वाटलं म्हातारा मेला. जावेनं माझा हात धरला आणि आम्ही दाराला कान लावला. घोरत होते. आम्ही परत येऊन पडलो आणि सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. पुढचे कित्येक दिवस हेच. उठवणारं कोणी नाही आणि अंग त्याच वेळी उठून बसतंय, हात राखेकडे जातोय. सहा वर्षं अंगाला जी सवय लावली ती सहा दिवसांत जात नाही. मला त्या रात्री फार संताप आला. झोप मिळाली होती आणि ती घेता येत नव्हती. मग मी हकिमांचं बोलणं आमच्यावर लावलं. जाग आली तरी उठायचं नाही, बोलायचं नाही, गप पडून राहायचं. जावेच्या तळपायाला मी तेल चोळायची, ती डाव्या हातानं माझ्या. महिन्याभरानं मी एक रात्र सलग झोपले. उठले तेव्हा उजाडलं होतं आणि मला माझंच घर ओळखू आलं नाही.

दळण आम्ही दुपारवर आणलं. ढाळजेत माणसं बोलत असताना आत जातं फिरतं याला आता कुणाची हरकत नव्हती.

श्रेय पुड्यांना गेलं. सासरे आल्या-गेल्याला सांगत की जालन्याच्या हकिमाची दवा अशी की महिना झाला, झोप बराबर येती. मी मनात म्हणे, पुड्या तर सातच होत्या, महिना कशा पुरल्या? एके दिवशी कोठीत गेले तर सासूबाई हकिमाच्या त्याच जुन्या कागदांत सुंठ आणि खडीसाखर कुटून बांधत होत्या. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही.

"दार लाव," म्हणाल्या.

मी दार लावलं. त्या सांगू लागल्या की त्यांना या घरात तीस वर्षं होऊन गेली. त्या माझ्या वयाच्या असताना गावात एक वैद्य आला होता, त्यानंही हेच सांगितलं होतं, दुपारी झोपू नका. सासऱ्यांनी तेव्हाही ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही माझ्या हातातलं मुसळ हिसकावलं.

"मिरच्या कांडून काय व्हणार व्हतं?" त्या म्हणाल्या. "मानसं आनली ते बराबर केलं. मला तवा जाऊ न्हवती. एकटी व्हते मी."

त्या असं म्हणाल्यावर मला त्यांची दया यायला पाहिजे होती. आली नाही. इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं, आणि जावेचा हात जळेपर्यंत त्या गप्प राहिल्या. मी त्यांना तसं बोलले. त्यांनी पुडी बांधून पूर्ण केली, बाकीच्यांबरोबर डब्यात ठेवली आणि बाहेर गेल्या. त्यांना स्वतःला मात्र त्यानंतरही झोप आली नाही. काठी थांबली तरी त्या रात्री भिंतीला टेकून बसलेल्या दिसायच्या. मी त्यांना एकदा म्हटलं, आत्याबाई, पडा ना. म्हणाल्या, पडून काय करू.

जावेच्या हाताची दोन बोटं मिटलेली राहिली ती राहिलीच. थंडीत ठणकायची. म्हणजे घर झोपायला लागलं आणि ती ठणक्यानं जागी राहायला लागली.

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत गावावर कधीही धाड पडेल अशी भीती होती. वेशीवर पुरुषांनी पहारा लावला. आमच्या घरचे पुरुषही जात. सव्वा-दीड महिना ते पाळीपाळीनं रात्री जागले. सकाळी लाल डोळ्यांनी येत, अंगणात आडवे होत आणि आम्ही पोरांना गप्प करत असू. नवरा मला म्हणाला, डोकं कसं बधिर झालंय, हाताला काही धरवत नाही, जागरण फार वाईट. त्या दीड महिन्याच्या गोष्टी हे पुरुष पुढे चाळीस वर्षं सांगत होते, नातवंडांना, पाहुण्यांना, लग्नातल्या मांडवात. कोण किती रात्री जागला याच्यावरून भावाभावांत वाद व्हायचे. त्यांची भीती खोटी नव्हती, त्यांचं जागणंही खोटं नव्हतं. पण आमच्या जागण्याची गोष्ट त्यांच्यापैकी कुणी एकदाही सांगितली नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, कसलं जागणं?

जाऊ पन्नाशीतच वारली. शेवटी-शेवटी माझ्याकडे जालन्यालाच होती. डॉक्टरांनी तिला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेऊन ती दिवसभर गुंगीत असे. एकदा गुंगीतच म्हणाली की धाकटे, आपण त्याला झोपवायच्या आधी माझा हात दाखवायला पाहिजे होता. मी म्हटलं होय. दुसरं काय म्हणणार होते?

माझा मुलगा सरकारी नोकरीत होता. निवृत्त झाला त्याला आता वर्ष झालं. घरी बसायला लागल्यापासून दुपारी जेवण झालं की खोलीचं दार लोटून झोपतो, चार-पाच वाजेपर्यंत. रात्री झोप येत नाही म्हणतो. मागच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर त्यानं दिवा लावला आणि सुनेला हाक मारली, चहा टाक म्हणाला. ती दिवसभर शाळेत शिकवून आलेली. उठायला लागली.

मी माझ्या खोलीतून बाहेर आले. ऐंशी वर्षांची बाई मी, भिंत धरून चालते. सुनेला म्हटलं, तू पड. आणि त्याला म्हटलं, "गॅस कुठं आहे तुला माहीत आहे. उठ आणि तुझा तू कर."

तो म्हणाला की आई, एवढं काय झालं, एक कप चहाच तर मागितला. मी त्याला सगळं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले, कारण माझा आवाज चढला होता आणि सून घाबरून बघत होती. एवढंच म्हटलं की उद्यापासून दुपारी बाजारहाट तू करायचा.

त्यानं चहा केला. भांडं आपटून केला. नंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याची समजूत काढायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पिशवी घेऊन तो बाजारात गेला.